'त्याला सोड' एवढ्यानं भागत नाही: ऑस्ट्रेलियातल्या अॅबोरिजिनल कुटुंबांची हिंसेतून सावरण्याची रीत

नवरा मारतो असं एखादी बाई सांगू लागली की आपल्या तोंडी तीन सल्ले तयार असतात. पोलिसांत जा. त्याला सोड. मुलांना घेऊन दुसरीकडे राहा. सल्ले वाईट नाहीत, कित्येक बायकांचे जीव त्यांनी वाचवले आहेत. पण ऑस्ट्रेलियातल्या अॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, बाईला हेच तीन सल्ले कधी कधी गोत्यात आणतात. पोलिसांना बोलावलं तर तीच कोठडीत जाऊ शकते. मुलांना घेऊन निघाली तर सरकार मुलंच काढून घेईल अशी धास्ती असते. आणि दूर कुठे राहायला गेली तर जी माणसं आणि जी जमीन तिला उभं ठेवते तीच सुटते.

म्हणून तिथल्या अॅबोरिजिनल बायकांनी, आणि पुढे पुरुषांनीही, गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मदतीची आपली वेगळी रीत उभी केली. तिला ते 'हीलिंग' म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे उदबत्ती, मंद संगीत आणि महागडी शिबिरं डोळ्यांसमोर येतात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी: या हीलिंगमध्ये शेजारच्या टेबलावर वकील बसलेली असते.

2021 च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजानुसार ऑस्ट्रेलियात अॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरचे मिळून सुमारे 9 लाख 84 हजार लोक आहेत. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण 3.8 टक्के. हा एकसंध समाज नाही. युरोपीय लोक आले तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. आज मेलबर्नच्या ऑफिसात काम करणारी कूरी (आग्नेय ऑस्ट्रेलियातले अॅबोरिजिनल लोक स्वतःला असं म्हणवतात) मुलगी आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पितजंतजारा बोलणारी आजी या दोघींना 'अॅबोरिजिनल संस्कृती' या एकाच डब्यात कोंबणं म्हणजे कोकणी आणि काश्मिरी माणसाचं एकच जेवण ठरवण्यासारखं आहे.

आकडे मात्र सगळीकडून एकाच दिशेला बोट दाखवतात. कुटुंबातल्या मारहाणीमुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण या बायकांमध्ये इतर ऑस्ट्रेलियन बायकांच्या 30 पटींहून अधिक आहे. खून होण्याचं प्रमाण सुमारे सात पट. मारहाणीत डोक्याला इजा होऊन भरती होणाऱ्यांचा 2008 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात हा फरक 69 पट निघाला. डोक्याच्या माराचा आकडा मुद्दाम सांगितला, कारण मेंदूला वारंवार मार बसलेली बाई अडखळत बोलते, चिडते, घटनांचा क्रम विसरते, आणि दारात आलेल्या पोलिसाला ती प्यायलेली वाटते. पुढे काय होतं ते येईलच.

हे आकडे वाचून एक निष्कर्ष फार चटकन काढला जातो, की 'त्यांच्यात' मारहाण असतेच. तो दोन कारणांनी चुकतो. एक, मारणारे सगळे अॅबोरिजिनल नसतात. व्हिक्टोरिया राज्यातली जिरा ही संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे की त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना छळणारे पुरुष वेगवेगळ्या वंशांचे आणि देशांतून आलेले असतात. दुसरं कारण इतिहासात आहे.

मुलं नेली, आणि मग

1869 साली व्हिक्टोरियात अॅबोरिजिनल लोकांच्या 'संरक्षणा'चा कायदा झाला आणि हळूहळू इतर वसाहतींनी तसेच कायदे केले. नाव संरक्षणाचं, पण माणसानं कुठं राहायचं, काम कुठं करायचं, मजुरीचे पैसे कुणाच्या ताब्यात राहायचे, अनेक ठिकाणी लग्न कुणाशी करायचं, हेसुद्धा सरकारी अधिकारी ठरवत. या कायद्यांच्या आधाराने मुलं आईबापांपासून काढून संस्थांमध्ये, मिशनमध्ये आणि गोऱ्या घरांमध्ये ठेवली गेली. 1997 मध्ये राष्ट्रीय चौकशीचा अहवाल संसदेत मांडला गेला. 1910 ते 1970 या काळात दर दहा मुलांमागे किमान एक, आणि काही भागांत तर तिनांतलं एक मूल असं नेलं गेलं, असा त्याचा अंदाज होता. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. नेलेल्या मुलांना आता 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात.

आता याचा आजच्या मारहाणीशी संबंध कसा लागतो? संस्थेत वाढलेल्या मुलानं आई रडणाऱ्या बाळाला कशी उचलते, बाप रागावला तरी हात कसा आवरतो, हे पाहिलेलंच नसतं. पाहिलेला असतो पट्टा, बंद खोली, आणि अनेकांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार. शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहायला शिकतं. हे मूल मोठं होऊन संसार थाटतं तेव्हा ती तयारी घरात येते, कधी दारूत बुडवली जाते, कधी बायकोवर फुटते. त्या घरातली मुलं तेच बघत वाढतात. जूडी अॅटकिन्सन या अॅबोरिजिनल संशोधिकेनं एका घराण्याच्या सहा पिढ्यांत हा माग काढून दाखवला: वसाहतीतली कत्तल आणि विस्थापन एका टोकाला, आजचा तुरुंग आणि आत्महत्या दुसऱ्या टोकाला, मधल्या कड्या एकमेकींत अडकलेल्या.

ही कारणमीमांसा झाली, सूट नव्हे. तोच इतिहास भोगलेले असंख्य पुरुष हात उचलत नाहीत, आणि तोच इतिहास बायकांनीही भोगला आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या अॅबोरिजिनल बायका हे फार कडक शब्दांत सांगतात. बाहेरचे सहानुभूतीवाले लोक मात्र इथे थोडे मऊ पडतात.

पोलिसांना का बोलावत नाही?

ऑगस्ट 2014. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलँड इथे एका घरी पोलीस आले, कारण जोडीदाराने संरक्षण आदेश (बाईला त्रास देऊ नये म्हणून कोर्ट काढतं तो हुकूम) मोडल्याची तक्रार होती. घरात 22 वर्षांची, यमाजी या अॅबोरिजिनल समाजाची तरुणी होती. तिच्या कुटुंबाच्या विनंतीवरून तिला मिस डू एवढ्याच नावानं ओळखलं जातं. पोलिसांनी जोडीदाराबरोबर तिलाही उचललं, कारण तिच्या नावावर 3,622 डॉलरचे दंड थकले होते. कोठडीत ती दुखतंय, दुखतंय म्हणत राहिली. रुग्णालयात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. नाटक करते असं पोलिसांना वाटलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा ती गेली. जोडीदाराच्या मारानं आधी मोडलेल्या बरगडीपाशी संसर्ग होऊन तो रक्तात पसरला होता. 2016 मध्ये कोरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यानं, पोलिसांची वागणूक अमानुष होती असं नोंदवलं. थकलेल्या दंडासाठी तुरुंगात टाकण्यावर राज्यानं मोठे निर्बंध आणले ते 2020 मध्ये.

हे एक टोकाचं उदाहरण म्हणून सोडून देता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये घरगुती हिंसेत मेलेल्या बायकांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास निम्म्या बायकांना पोलिसांनी किंवा कोर्टानं पूर्वी कधीतरी 'मारणारी' ठरवलं होतं असं दिसलं. अॅबोरिजिनल बायकांच्या बाबतीत तर हे जवळजवळ प्रत्येकीचं झालं होतं. म्हणजे जिचा पुढे खून झाला, तिच्याच विरुद्ध आधी आदेश निघालेला. पोलीस येतात तेव्हा ती ओरडत असते, नवरा शांत असतो, इंग्रजी त्याचं बरं असतं. आणि डोक्याला मार बसलेल्या बाईबद्दल वर लिहिलंच आहे.

मुलांची भीती याहून मोठी. मुलांनी घरातली हिंसा पाहिली हेच अनेक राज्यांत बालसंरक्षण खात्याला कळवण्याचं कारण ठरतं. आज देशात सरकारी देखरेखीत घराबाहेर ठेवलेल्या मुलांपैकी 40 टक्क्यांहून अधिक मुलं अॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आहेत, लोकसंख्येत त्यांचा वाटा एवढासा असताना. ज्या बाईची आजी संस्थेत वाढली, ती बाई रुग्णालयात 'जिन्यावरून पडले' का म्हणते हे समजायला फार हुशारी लागत नाही. 2014 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावातल्या आज्यांनी नातवंडं नेण्याविरुद्ध संघटनाच काढली. चोरलेल्या पिढ्यांचा काळ संपलाय हे त्यांना मान्य नव्हतं.

एका अंदाजानुसार अॅबोरिजिनल बायकांवरच्या हिंसेतली 90 टक्के कधीच बाहेर येत नाही. म्हणजे मदतीची व्यवस्था फक्त तक्रार आल्यावर सुरू होणार असेल, तर दहातल्या नऊ प्रसंगांपर्यंत ती पोचतच नाही.

मग सावरणं म्हणजे काय

रूढ समुपदेशनात एक बाई आणि एक तज्ज्ञ बंद खोलीत बसतात, पन्नास मिनिटं, विषय तिचं मन. अॅबोरिजिनल मानसशास्त्रज्ञांनी, विशेषतः बार्डी समाजाच्या पॅट डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेगळा आराखडा मांडला. त्यात माणसाचं बरं असणं सात नात्यांवर उभं आहे: शरीर, मन आणि भावना, कुटुंब आणि नातेगोते, समाज, संस्कृती, मुलूख, आणि पूर्वज व अध्यात्म. ही नाती ज्या परिस्थितीत जगली जातात ती परिस्थिती, म्हणजे इतिहास, राजकारण, घरभाडं, वंशभेद, तीही आराखड्याचा भाग आहे. हिंसेनं यातली एक नाही, सातही नाती दुखावतात. त्यामुळे फक्त मनावर उपचार करून बाई बरी होईल ही अपेक्षाच अपुरी.

नातेगोते म्हणजे आपल्याला वाटतं त्याहून रुंद. अनेक अॅबोरिजिनल समाजांत आईची बहीण ही आईच, तिची मुलं ही सख्खी भावंडं. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना हे परकं वाटू नये, फरक एवढाच की तिथे ही म्हण नसून रोजचा व्यवहार आणि कर्तव्य आहे. कोण कुणाला रागवू शकतं, कुणी कुणासमोर बोलायचं नाही, संकटात कुणाच्या दारात हक्कानं जायचं, हे सगळं ठरलेलं असतं. चार-पाचशे किलोमीटरवरच्या आधारगृहात नेऊन ठेवलेली बाई मारापासून वाचते, पण या जाळ्यातून सुटते. तिथे तिची भाषा कुणी बोलत नाही, अंत्यविधीला जाता येत नाही (आणि अंत्यविधी चुकवणं हा तिथे फार मोठा दोष). बऱ्याच जणी काही दिवसांत परत जातात. कामावरचे लोक मग फाइलवर लिहितात: सहकार्य करत नाही.

मुलूख हा शब्द मी ज्याला वापरतोय त्याला ते 'कंट्री' म्हणतात. जमीन, पाणवठे, त्यावरची झाडं-जनावरं, त्या जागेच्या गोष्टी आणि तिथे वावरणारे पूर्वज, हे सगळं मिळून. माणूस मुलखाची काळजी घेतो, मुलूख माणसाची. म्हणून या कामांमध्ये बायकांना घेऊन दोन दिवस रानात जाणं ही सहल नसते, ते काम असतं.

या कामातली बोलण्याची रीत म्हणजे 'यार्निंग'. गोल करून बसायचं, फॉर्म नाही, प्रश्नांची यादी नाही. आधी कामावरची बाई स्वतःबद्दल सांगते: मी अमुक मुलखाची, माझी आजी तमुक. मग समोरचीला वाटेल तेव्हा ती बोलते. नाही वाटलं तर नाही. उत्तर भागातल्या डेली रिव्हरच्या मिरियम-रोझ अंगनमेर-बाउमन यांनी 1988 मध्ये आपल्या लोकांच्या या शांत, खोल ऐकण्याबद्दल जगाला सांगितलं. त्यांच्या भाषेत त्याला 'दादिरी' म्हणतात. आता ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी प्रशिक्षणांत ही संकल्पना शिकवतात. दोन तासांच्या कार्यशाळेत, पॉवरपॉइंटवर. असो.

नखं रंगवता रंगवता

वर जिचं नाव आलं ती जिरा 2002 मध्ये व्हिक्टोरियात सुरू झाली, कौटुंबिक हिंसेत सापडलेल्या अॅबोरिजिनल लोकांना कायद्याची मदत द्यायला. अँटोनेट ब्रेब्रुक पहिल्यापासून तिच्या प्रमुख. वकील होते, कार्यालय होतं, पण दारावर 'कौटुंबिक हिंसा' अशी पाटी असलेल्या कार्यालयात शिरायचं म्हणजे सगळ्या गावाला बातमी. म्हणून त्यांनी 'सिस्टर्स डे आउट' नावाचा दिवस सुरू केला. गावातल्या सगळ्या अॅबोरिजिनल बायकांना आमंत्रण, हिंसा झालेली असो वा नसो. मसाज, केस, नखं, जेवण, हस्तकला. दिवसाच्या मध्ये कधीतरी वकील बाई आणि समुपदेशक बाई आपली ओळख करून देतात, कायदा काय म्हणतो ते सांगतात, आणि तिथेच फिरत राहतात. खांद्यावर कुणीतरी हळुवार हात ठेवलाय, मुलांना कुणीतरी सांभाळतंय, अशा वेळी बाई शेजारच्या खुर्चीवरच्या वकिलीणबाईला म्हणते, "माझ्या बहिणीला एक विचारायचं होतं."

सरकारी अधिकाऱ्यांना हे चैनीचं वाटू शकतं. नखांना पैसे कशाला? पण जिचं शरीर कुणीतरी वर्षानुवर्षं फक्त दुखवायला हात लावलंय, तिच्यासाठी दुखापत न करणारा स्पर्श हीच उपचाराची पहिली पायरी असते, आणि शिवाय त्या दिवसाला गेल्यानं कुणाला संशय येत नाही. दोन्ही कामं एकाच खर्चात. जिराकडे तरुण मुलींसाठी नात्यांबद्दल बोलणारा 'यंग लव' हा कार्यक्रमही आहे, आणि मेलबर्नमध्ये बायकांनी नुसतं येऊन बसावं अशी हक्काची जागा.

मध्य ऑस्ट्रेलियातली एनपीवाय विमेन्स काउन्सिल ही याहून जुनी. जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटींत आपलं कुणी ऐकत नाही म्हणून तीन भाषिक समाजांच्या (एनपीवाय ही त्यांचीच आद्याक्षरं) बायकांनी 1980 मध्ये ती स्थापन केली. तिचं कार्यक्षेत्र साडेतीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं, आणि त्यात वस्ती जेमतेम काही हजारांची. हे क्षेत्र तीन राज्यांच्या (त्यातलं एक कायद्यानं 'टेरिटरी') सीमांवर पसरलंय. पूर्वी मारणारा नवरा गाडी काढून सीमा ओलांडायचा आणि पोलीस हात चोळत बसायचे; एका राज्याचा आदेश दुसऱ्यात आपोआप चालत नसे. या बायकांनी वर्षानुवर्षं मागे लागून सीमापार न्यायाची व्यवस्था करून घेतली. वाळवंटातल्या, इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा असलेल्या आज्यांनी तीन राज्यांचे कायदे हलवले, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत कमी सांगितलं गेलेलं यश वाटतं.

1994 पासून त्यांची हिंसापीडितांसाठीची सेवा चालते: सुरक्षित जागी पोचवणं, कोर्टात सोबत, आदेश मिळवून देणं. त्याच छताखाली 'नंगकरी' काम करतात. नंगकरी म्हणजे परंपरेनं शिकलेले उपचार करणारे, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. त्यांच्या समजुतीनुसार मोठा धक्का बसला की माणसाचा 'कुरुन्पा', म्हणजे आतला प्राण, जागचा हलतो किंवा निघून जातो. हातांनी चोळून, फुंकर घालून, शोधून तो परत जागी बसवायचा. दवाखान्यातल्या नर्सेस आणि नंगकरी एकमेकांकडे पेशंट पाठवतात. 2011 मध्ये व्हिएन्ना शहराच्या नावे दिला जाणारा सिग्मंड फ्रॉइड पुरस्कार या नंगकरींना मिळाला. फ्रॉइडला काय वाटलं असतं कोण जाणे.

याच संस्थेत 2012 च्या सुमारास वयस्क बायका, नंगकरी, दुभाषी आणि मानसोपचारतज्ज्ञ नियमित एकत्र बसू लागले. मेंदूवर आघाताचा काय परिणाम होतो हे तज्ज्ञांनी सांगायचं, बायकांनी ते आपल्या भाषेत, आपल्या गोष्टींत बसवून पाहायचं, पटलं नाही तर परत. त्यातून भावनांच्या शब्दांची सचित्र पोस्टरं निघाली, मुलांसाठी गोष्टी निघाल्या. तरुण मुलगा फक्त 'मला राग येतोय' एवढंच म्हणू शकत होता, त्याला एकटेपणा, लाज, धास्ती यांचे स्वतःच्या भाषेतले नेमके शब्द मिळाले. आणि ज्या बायकांना रोख पैसा हवा होता, म्हणजे नवऱ्याच्या हातात नसलेला पैसा, त्यांच्यासाठी 1995 पासून रानगवत विणण्याचा उद्योग आहे. मुलखात जायचं, गवत कापायचं, एकत्र बसून टोपल्या विणायच्या, गप्पा मारायच्या. 2005 मध्ये या विणकर बायकांनी गवताची चक्क पूर्ण आकाराची टोयोटा विणली आणि देशाचा प्रतिष्ठेचा अॅबोरिजिनल कला पुरस्कार पटकावला.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

जून 2007 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत मुलांवर अत्याचार होतात या कारणावरून केंद्र सरकारनं 'आणीबाणी' जाहीर केली. वंशभेदविरोधी कायदा त्यापुरता बाजूला ठेवला, सैन्य पाठवलं, दारूवर बंदी, भत्त्याच्या पैशांवर नियंत्रण. वस्त्यांच्या वेशीवर, इथे दारू आणि अश्लील चित्रं यांना बंदी आहे असं सांगणाऱ्या मोठाल्या पाट्या लागल्या. चांगल्या पुरुषांनाही आपण सगळेच गुन्हेगार ठरलो असं वाटलं, आणि सैनिक दिसल्यावर काही आयांनी मुलांना घेऊन रान गाठलं. का, ते वर आलंय.

त्याच वर्षी शेजारच्या राज्यात, किंबर्ली भागातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग गावात, दारूवर बंधन आलं तेही. पण मागितलं बायकांनी. मार्निनवार्नतिकुरा या महिला संस्थेच्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांनी गावातली मारहाण आणि मृत्यू पाहून हलकी बिअर सोडून बाकी दारूची घरी नेण्याची विक्री थांबवा अशी मागणी लावून धरली. गावात त्यांना शिव्या पडल्या, आपल्याच काही पुढाऱ्यांनी विरोध केला. ऑक्टोबर 2007 मध्ये बंधन लागू झालं आणि पहिल्या वर्षाच्या पाहणीत रुग्णालयावरचा आणि पोलिसांवरचा ताण घटल्याचं दिसलं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. दारू पिणाऱ्या आयांच्या पोटी आलेल्या मुलांचं काय, हा अवघड प्रश्न त्यांनीच विचारला आणि डॉक्टरांना स्वतः बोलावलं. 2002 आणि 2003 मध्ये जन्मलेल्या तिथल्या मुलांपैकी जवळपास पाचांतल्या एकाला गर्भातल्या दारूची इजा होती. असं सत्य बाहेरच्या माणसानं सांगितलं असतं तर तो अपमान ठरला असता. इथे आज्या-मावश्यांनी ते सांगितलं आणि मुलांसाठी केंद्र उभं केलं. आधारगृह गावातच आहे, त्यामुळे बाईला गाव सोडावं लागत नाही. जून ऑस्कर पुढे 2017 मध्ये देशाच्या सामाजिक न्याय आयुक्त झाल्या.

दारूवर बंधन दोन्हीकडे होतं. निर्णय कुणाचा, एवढाच फरक, आणि माझ्या मते 'संस्कृतीशी जोडलेली मदत' या जड शब्दप्रयोगाचा सगळा अर्थ त्या फरकात येतो. भिंतीवर ठिपक्यांची चित्रं लावली आणि सुरुवातीला पानांचा धूर केला म्हणजे सेवा अॅबोरिजिनल होत नाही.

पुरुषांचं काय

बायका हे सगळं करताना पुरुष कुठे होते, हा प्रश्न रास्त आहे. जुलै 2008 मध्ये अॅलिस स्प्रिंग्जजवळच्या इंतेयर्क्वे इथे सुमारे चारशे अॅबोरिजिनल पुरुष आरोग्याच्या परिषदेसाठी जमले. तिथून त्यांनी जाहीर निवेदन काढलं: आमच्या बायका, मुलं, आया, आज्या, नाती, आत्या, भाच्या, बहिणी यांना आम्ही पुरुषांनी जे दुःख दिलं त्याबद्दल आम्ही माफी मागतो. रड यांच्या माफीला त्या वेळी पाचच महिने झाले होते. ती माफी घेणाऱ्यांनी पुढची माफी स्वतः दिली. पहिली जगभर गाजली, दुसरी फारशी कुणाला माहीत नाही.

मेलबर्नमधली दार्डी मुनवुरो ही संस्था 2000 पासून पुरुषांबरोबर काम करते. हिंसा केलेल्या पुरुषांसाठी त्यांचा निवासी कार्यक्रम आहे. तिथे पुरुष राहतात, दारू आणि ड्रग्जपासून दूर, रोजचं वेळापत्रक, वडीलधाऱ्यांबरोबर गोलात बसणं, मुलखात जाणं, आणि आपण कुणाला काय केलं हे त्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बोलणं. न्यायाधीशासमोर खोटं बोलणं सोपं असतं, आपल्या बापाला ओळखणाऱ्या म्हाताऱ्यासमोर नाही. शिवाय रात्री-अपरात्री हात उचलण्याआधी फोन करता यावा म्हणून अॅबोरिजिनल पुरुषांनी चालवलेली 'ब्रदर टू ब्रदर' ही चोवीस तासांची फोनसेवाही त्यांची.

जिथे मतं जुळत नाहीत

हे सगळं गुळगुळीत नाही. वॉर्लपिरी समाजाच्या जॅसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस (त्या पुढे सिनेटर झाल्या) आणि प्राध्यापक मार्शा लँगटन यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय पत्रकार मंचावरून एकत्र येऊन घरातल्या हिंसेबद्दलच्या शांततेवर बोट ठेवलं होतं. पण पुढे त्यांचे रस्ते फाटले. प्राइस म्हणतात की वसाहतवादाकडे बोट दाखवून परंपरेतल्याच काही गोष्टींकडे, जसं लहान मुलींची ठरवून ठेवलेली लग्नं, डोळेझाक होते. लँगटन यांच्यासह अनेकांना हे मांडणं एकांगी वाटतं. मला वाटतं, कोणत्याही समाजाच्या परंपरेत बाईला वाचवणाऱ्या आणि बाईला दाबणाऱ्या दोन्ही गोष्टी असतात, आणि चांगली संस्था कोणती, तर जी त्या निवडताना बायकांना विचारते.

व्यवहारातले धोकेही आहेत. ज्या वडीलधाऱ्यासमोर बसवायचं तोच कधी अत्याचारी असतो. छोट्या वस्तीत समुपदेशक ही मारणाऱ्याची चुलतबहीण निघते. 'कुटुंब जोडून ठेवा' हा आग्रह बाईवर परत जाण्याचा दबाव बनू शकतो. म्हणून अनुभवी संस्था क्रम पक्का ठेवतात: आधी ती आणि मुलं सुरक्षित, मग बाकी सगळं, सावरणं म्हणजे माफ करणं नव्हे, आणि पुरुषांचं काम वेगळ्या जागी, वेगळ्या माणसांकडून. शेवटचा नियम परंपरेलाही धरून आहे, कारण बायकांच्या गोष्टी आणि पुरुषांच्या गोष्टी वेगळ्या बोलायच्या हा तिथला जुनाच दंडक.

आणि पैसा. 2020 च्या राष्ट्रीय करारात सरकारांनी या बायका आणि मुलांवरची हिंसा 2031 पर्यंत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट लिहून दिलंय. पण ती करून दाखवणाऱ्या संस्था अनेकदा वर्ष-दोन वर्षांच्या अनुदानावर जगतात. सहा पिढ्यांचं दुखणं आणि बारा महिन्यांचा प्रकल्प.

ऑस्ट्रेलियात नर्स, डॉक्टर, समाजसेवक, वृद्ध किंवा अपंगांच्या सेवेत असलेले मराठी लोक आता पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. 'तुम्ही अॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलँडर आहात का' हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा असतो, रंगावरून अंदाज बांधायचा नसतो. गोरी दिसणारी अॅबोरिजिनल बाई अगदी सर्रास भेटते. समोरची डोळ्याला डोळा देत नसेल तर ती लपवतेय असं धरू नका, अनेक समाजांत तो आदर असतो. शांतता पडली तर ती भरून काढायची घाई नको. सोबत आलेल्या नातेवाइकाला दुभाषी करू नका. रुग्णालयात अॅबोरिजिनल लायझन ऑफिसर (अशा रुग्णांना आधार देणारा, रुग्णालयाशी दुवा असलेला कर्मचारी) असेल तर भेटायचं का असं तिला विचारा, पण आधी ती व्यक्ती तिच्या किंवा नवऱ्याच्या नात्यातली नाही ना, हेही विचारा. '13 यार्न' या फोनसेवेवर (13 92 76) अॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट माणसंच फोन उचलतात, दिवस-रात्र. हिंसेबद्दल कुणालाही '1800 रिस्पेक्ट'वर (1800 737 732) बोलता येतं. नंबर तिच्या फोनमध्ये घालून देणार असाल तर दुसऱ्या एखाद्या नावानं घाला, कारण तो फोन तिच्याखेरीज आणखी कोण तपासतं हे तुम्हाला माहीत नसतं.